इंग्रजीच्या पेपरातील अवघड नावे

(सोसायटीच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात अभ्यासवर्गाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हाला बोलण्यासाठी जो विषय दिलेला आहे तो सभेत टाळ्या घेणारा विषय नव्हे. दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात सिमिली, मेटॅफर, जीरंड, क्लॉज, पॅसिव्ह व्हॉइस अशी जी नावे येतात ती कशी शिकावीत, एवढाच हा विषय आहे. परंतु आपल्या अभ्यासवर्गात संध्याकाळी येऊन बसणाऱ्या मुलामुलींना विचाराल तर त्यांची रात्रीची झोप उडविणारा विषय हाच आहे. उतारा वाचून त्यांना समजतो. पत्र लिहिता येते. निबंधही कसाबसा जमतो. मात्र 'नेम अँड एक्स्प्लेन द फिगर ऑफ स्पीच' असे शब्द दिसले की पेन थांबते आणि तेवढी जागा कोरी सोडून मूल पुढे जाते.

त्यात जातात किती गुण? एखादा, दोन, फार तर चार. पण काठावर बसलेल्या मुलाला ते चार गुण म्हणजे काय असते हे येथील पालकांना आम्ही सांगायला नको. नर्सिंगला जायचे तर इंग्रजी विषयासह बारावी उत्तीर्ण असावे लागते. आमच्या वर्गात अशी एक मुलगी होती, जिचे बाकी सगळे विषय सुटले होते आणि इंग्रजीपाशी गाडी अडली होती. दिवसभर कापडाच्या दुकानात उभी राहायची आणि सात वाजता वही घेऊन यायची. तिच्याविषयी पुढे बोलू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. पुष्कळांचा समज असा आहे की इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द दिला म्हणजे मुलांचे काम सोपे झाले. पर्सॉनिफिकेशन समजत नाही? मग चेतनगुणोक्ती म्हणा! कंजंक्शन कळत नाही? उभयान्वयी अव्यय म्हणा! आता सांगा, ज्या घरात आई धुणीभांडी करते आणि वडील नाक्यावर उभे राहतात त्या घरातील मुलाला 'उभयान्वयी' हा शब्द 'कंजंक्शन' पेक्षा जवळचा कसा वाटावा? दोन्ही त्याला परकेच. एक शब्द लॅटिनातून आला, दुसरा संस्कृतातून घडविला गेला. परमपूज्य बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले गेले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली, आणि सन १९०७ मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. पुढे संस्कृत त्यांनी आपल्या हिमतीवर मिळविले आणि पाली भाषेचा कोश व व्याकरण तयार करण्याचे कामही केले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात सन १९९८ मध्ये ते छापून आले आहे. एवढ्या धकाधकीचा माणूस विभक्त्यांचे तक्ते मांडीत बसला, यावरून व्याकरण ही रिकाम्या वेळेची करमणूक नव्हे एवढे तरी दिसते.

मराठीचे आजचे व्याकरण तरी कोठून आले? दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' सन १८३६ चे. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सन १९११ चे. या मंडळींच्या डोळ्यांसमोर एका बाजूस संस्कृत व दुसऱ्या बाजूस इंग्रजी व्याकरण होते. आपण वाक्यात स्वल्पविराम, अर्धविराम घालतो ते मराठीत रुजविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थांस दिले जाते. म्हणजे देवघेव पूर्वीपासून चालू आहे. इंग्रजी व्याकरण म्हणजे आपल्याशी काडीचाही संबंध नसलेली विद्या, असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

मग आमची रीत कोणती? इंग्रजी नावाकडून घराकडे न येता घराकडून नावाकडे जायचे. आधी घरातील बोलणे घ्यायचे, त्यात काय घडले ते पाहायचे, आणि शेवटी त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगायचे.

आई रागावून म्हणते, "हे शोभतं का तुला?" तिला उत्तर हवे असते काय? मुलाने "हो, शोभतं" असे उत्तर देऊन पाहावे! उत्तर नको असताना विचारलेला प्रश्न म्हणजे इंटरॉगेशन. पोलीस चौकीतील चौकशीलाही इंग्रजीत हाच शब्द असल्यामुळे मुले गोंधळतात. आईचा प्रश्न एकदा डोक्यात बसला की गोंधळ राहत नाही.

घरातून निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. दुकानदार दुकान बंद करीत नाही, दुकान वाढवतो. आपल्या पत्रिकांवर दिवंगत माणसाच्या नावापूर्वी आपण 'कालकथित' लिहितो. कठोर गोष्ट मऊ शब्दात सांगणे हे युफेमिझम होय. मराठी माणूस दिवसातून दहा वेळा युफेमिझम वापरतो आणि परीक्षेत मात्र त्याची व्याख्या आठवत बसतो.

"पोटात कावळे ओरडतात" ही हायपरबोली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पलीकडे फेकणे असा आहे. वस्तू जेथे ठेवायची त्याच्या पुढे भिरकावून दिली, तशी ही अतिशयोक्ती. 'उघड गुपित' म्हणजे ओपन सीक्रेट, हा ऑक्सिमोरॉन. दोन शब्द शेजारी बसले आहेत आणि एकमेकांना छेद देतात. हाच छेद संपूर्ण विधानात असेल तर पॅराडॉक्स: विद्या दिल्याने वाढते. क्लायमॅक्स या शब्दाचा मूळ अर्थ शिडी. पायरी पायरीने वर जायचे. आणि वर गेल्यावर धपकन खाली आलो तर अँटिक्लायमॅक्स. त्याने शेत विकले, घर विकले आणि अखेर छत्रीसुद्धा विकली, असे आम्ही फळ्यावर लिहिले की वर्ग हसतो, आणि हसला म्हणजे लक्षात राहिले असे खुशाल समजावे. खळखळ, कडकड, रिमझिम हे शब्द तर मराठीत पोत्याने सापडतील. ऑनोमॅटोपीआ या नावाचे स्पेलिंगच तेवढे पाठ करायचे, बाकी काम आपल्या भाषेने आधीच करून ठेवले आहे.

वर सांगितलेल्या मुलीची गोष्ट येथे येते. सिनेक्डकी म्हणजे अवयवाचे नाव घेऊन संपूर्ण माणूस सुचविणे. इंग्रजीत गिरणी कामगाराला मिल हँड म्हणत. हँड म्हणजे हात. मालकाला कामापुरता हात हवा असतो, त्याला जोडलेल्या माणसाशी त्याचे देणेघेणे नसते, म्हणून हा शब्द पडला असावा असे आम्ही बोलत होतो. ज्यांच्या घरातील कोणी १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात होते, त्यांना यावर वेगळे सांगणे नको. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्या घरात खाणारी तोंडं सहा आणि कमावणारे हात दोन, तसंच ना?" अगदी तसेच. याहून चांगले उदाहरण आम्हाला एकाही गाईडमध्ये आढळले नाही. पुढे आम्ही मेटॉनिमी सांगताना तिचीच वाट धरली. मंत्रालयाने निर्णय घेतला असे आपण म्हणतो तेव्हा विटांच्या इमारतीने निर्णय घेतलेला नसतो. तेथे अवयव नाही, नुसता संबंध आहे. इमारतीचे नाव घेऊन आतील माणसे सुचविली.

आता सिमिली आणि मेटॅफर यांपाशी थोडे थांबावे लागेल, कारण सर्वात जास्त गुण येथेच जातात आणि ते जाण्याचे कारण फार साधे आहे. मुलांना सांगितलेले असते की 'लाइक' किंवा 'ॲज' दिसला की सिमिली लिहा. मग मूल 'आय लाइक मँगोज' याखाली सिमिली लिहिते. 'शी वर्क्स ॲज अ नर्स' यातही त्याला सिमिली दिसते. 'सीता इज ॲज टॉल ॲज हर ब्रदर' हेही त्याच्या हिशेबाने सिमिली. यातील एकही सिमिली नव्हे. पहिल्यात लाइक म्हणजे आवडणे. दुसऱ्यात ॲज म्हणजे 'म्हणून'. तिसऱ्यात तुलना आहे, पण ती बहीण आणि भाऊ या एकाच जातीच्या गोष्टींची. फूटपट्टी लावून मोजता येईल अशी तुलना अलंकार होत नाही. माणूस आणि सिंह, डोळे आणि तारे, अशा भिन्न जातींच्या वस्तू एका गुणापुरत्या जवळ आल्या पाहिजेत.

येथे मात्र मराठी अलंकारशास्त्राने आम्हाला फार मदत केली हे मान्य केले पाहिजे. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द असे चार भाग आपल्याकडे सांगितले जातात. नावे जड असली तरी अर्थ सोपा आहे. कोणाला म्हटले, कोणासारखे म्हटले, कोणत्या बाबतीत म्हटले आणि कोणत्या शब्दाने म्हटले. इंग्रजी उत्तरात 'हिअर अ डायरेक्ट कंपॅरिझन इज मेड' एवढे लिहून मुले थांबतात. ते वाक्य कोणत्याही सिमिलीला लागू पडते, म्हणून ते कोणत्याच सिमिलीचे स्पष्टीकरण होत नाही. तपासणाऱ्याला पाहायचे असते ते हे, की कोणाची तुलना कशाशी आणि कोणत्या गुणात झाली. हे तीन प्रश्न वहीच्या समासात लिहून ठेवावेत आणि त्यांची उत्तरे एका इंग्रजी वाक्यात गुंफावीत. साम्यवाचक शब्द गळून पडला आणि हा म्हणजे तोच असे म्हटले की मेटॅफर. शिपाई सिंहासारखा लढला, ही सिमिली. शिपाई रणात सिंह होता, हा मेटॅफर. मेटॅफर या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी एकीकडून उचलून दुसरीकडे नेणे असा आहे. आजही ग्रीस देशात घरसामान वाहून नेणाऱ्या गाड्यांवर हाच शब्द रंगविलेला दिसतो. सिंहाचा गुण उचलला आणि शिपायाच्या घरी नेऊन उतरविला, असे चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर उभे करावे.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. मराठीत 'जणू' आले की उत्प्रेक्षा, आणि उपमा निराळी. इंग्रजीच्या पेपरात 'ॲज इफ', 'ॲज दो' आले तरी उत्तर सिमिली असेच लिहायचे. हुशार मुले येथे अडतात. मराठीत दोन खाने आहेत म्हणून इंग्रजीत दुसरा खाना शोधत बसतात. दोन भाषांचे खाने सारखे नसतात.

अपॉस्ट्रॉफी हे नाव दोन गोष्टींना आहे. शब्दाच्या डोक्यावरील छोटे चिन्ह, ते एक. आणि समोर नसलेल्या व्यक्तीला किंवा निर्जीव वस्तूला हाक मारून बोलणे, तो अलंकार. आपल्या आज्या दळताना जात्याशी बोलत, पावसाशी बोलत, दूरच्या लेकीशी बोलत. तेवढे आठवले तरी पुरे.

कवितेच्या रसग्रहणात राइम स्कीम लिहावी लागते. ए बी ए बी की ए ए बी बी? मराठी मूल अक्षरे पाहते, कारण आपल्याकडे जसे लिहितो तसे वाचतो. इंग्रजीत तसे नाही. रफ, कॉफ, थ्रू आणि दो या चारही शब्दांची अखेरची चार अक्षरे ओ-यू-जी-एच हीच आहेत, पण एकाचेही दुसऱ्याशी यमक जुळत नाही. उलट थ्रू आणि ब्लू यांची अक्षरे वेगळी आणि यमक मात्र पक्के. अलिटरेशनचेही तेच. सिटी आणि कॅट दोन्ही सी अक्षराने सुरू होतात, तरी त्यांत अनुप्रास नाही. फोन आणि फादर यांची पहिली अक्षरे निराळी, तरी अनुप्रास आहे. नाइफ शब्दाच्या आरंभी के बसलेला असतो, पण तो बोलत नाही.

यावर आम्ही एक उपाय काढला आहे आणि तो फुकट आहे. इंग्रजी ओळ ऐकून देवनागरीत लिहून काढावी. देवनागरी लिपी कानाने ऐकलेले लिहिते, स्पेलिंगला भुलत नाही. ओळीत 'फ' तीन वेळा आला तर तो डोळ्यांना दिसतोच. अमुक एका क्लासमध्ये मुलांना असे लिहिल्याबद्दल दटावले जाते, इंग्रजी देवनागरीत लिहिणे कमीपणाचे मानले जाते, असे आमच्या कानावर आले आहे. आमचे मत उलट आहे. उत्तरपत्रिकेत रोमनच लिहायचे, पण कच्च्या कागदावर आपल्या लिपीची मदत घेण्यात लाज कसली?

अलंकार येथेच थांबवू. टॉटॉलॉजी, इन्व्हर्शन वगैरे राहिले, ते वर्गात पाहता येतील. आता व्याकरणाकडे वळू.

व्हॉइस हा धडा सर्वांनाच नकोसा वाटतो, आणि त्याचे कारण आमच्या मते मराठीतच दडलेले आहे. शाळेत मराठीच्या तासाला कर्तरी, कर्मणी व भावे असे तीन प्रयोग शिकवितात. इंग्रजीच्या तासाला ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह असे दोन व्हॉइस शिकवितात. मुलाने कर्मणी म्हणजे पॅसिव्ह अशी खूणगाठ बांधलेली असते. आता 'मुलीने पुस्तक वाचले' हे वाक्य घ्या. क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालते. पुस्तकाऐवजी पोथी आली तर 'वाचली' होईल. म्हणून हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत याचे भाषांतर 'द गर्ल रेड द बुक', म्हणजे सरळ ॲक्टिव्ह! 'शिपायाने चोराला पकडले' हा भावे प्रयोग, इंग्रजीत तोही ॲक्टिव्हच. इंग्रजी पॅसिव्हशी खरोखर मेळ बसतो तो 'मुलीकडून पुस्तक वाचले गेले' या रचनेचा. तिला मराठी व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात. नावातच 'नवीन' आहे, कारण ती इंग्रजीच्या वळणावर गेलेली रचना समजली जाते.

घोटाळ्याचे मूळ 'सब्जेक्ट' या शब्दात आहे. आपण त्याचे भाषांतर कर्ता असे करतो. कर्ता म्हणजे करणारा. पण 'द बुक वॉज रेड' या वाक्यात सब्जेक्ट पुस्तक आहे, आणि पुस्तक काहीच करीत नाही. इंग्रजीत सब्जेक्ट म्हणजे ज्याच्या वचनाकडे पाहून क्रियापद वॉज होणार की वेअर होणार हे ठरते तो. करणारा कोण हा प्रश्न वेगळा, आणि क्रियापद कोणाच्या तालावर चालते हा प्रश्न वेगळा. हे दोन प्रश्न सुटे केले की व्हॉइसचा निम्मा धडा संपतो.

पॅसिव्हचा आणखी एक पैलू सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही, मग तो परीक्षेत येवो वा न येवो. पॅसिव्ह वाक्यात करणाऱ्याचे नाव गाळता येते. 'वस्तीवर दगडफेक करण्यात आली.' कोणी केली? 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' कोणी केला? 'पाण्याचे नळ तोडण्यात आले.' कोणी तोडले? वर्तमानपत्रे व कचेऱ्या यांची भाषा अशी असते, आणि दरवेळी त्यात लबाडी असते असेही नाही. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट केल्याचे म्हटले आहे, तेही पॅसिव्ह व्हॉइसमध्येच आहे. तेथे करणारा लिहिलेला नाही, कारण तो उद्देशिकेतच सांगून झाला आहे. पण ज्या मुलाला वाक्यातून कर्ता गाळलेला ओळखता येतो, तो तक्रार अर्ज लिहिताना कर्ता गाळणार नाही. अमुक तारखेस, अमुक ठिकाणी, अमुक इसमाने अमुक केले, असे ॲक्टिव्ह व्हॉइसमध्ये लिहील. आमच्या मते व्हॉइस शिकण्याचा हा फायदा गुणांपेक्षा मोठा आहे.

इनडायरेक्ट स्पीचचेही असेच. मराठीत आपण म्हणतो, "तो म्हणाला की मी उद्या येईन." 'की' नंतर त्याचेच शब्द जसेच्या तसे येतात. 'मी' म्हणजे बोलणारा नव्हे, तो. इंग्रजीत 'दॅट' आले की 'आय' चा 'ही' होतो, 'विल' चा 'वुड' होतो, 'टुमॉरो' चा 'द नेक्स्ट डे' होतो. मूल मराठीत विचार करून 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असे लिहिते. ते आळशी नसते, आपल्या भाषेशी प्रामाणिक असते. मराठीत आपण साक्षीदारासारखे शब्द पोहोचवतो आणि इंग्रजीत निरोप्यासारखे आपल्या बाजूने सांगतो, एवढा फरक समजावला की तक्ता पाठ करण्याचे श्रम बरेच कमी होतात.

आयएनजी लागलेल्या शब्दांबाबत मराठी उलट आपल्या बाजूने उभी राहते. इंग्रजीत स्विमिंग एकच. जीरंड कोणता आणि पार्टिसिपल कोणता हे रूपावरून कळत नाही. मराठीत तीन निराळी रूपे आहेत. 'पोहणे चांगले' यात णे आले, तो जीरंड. 'पोहणारा मासा' किंवा 'पोहता पोहता' यात णारा किंवा ता आले, तो पार्टिसिपल. 'तो पोहत आहे' हे चालू काळाचे क्रियापद. इंग्रजी वाक्य मनात मराठीत म्हणून पाहायचे आणि शेपूट कोणते आले ते बघायचे.

क्लॉजलाही हीच कसोटी लागते. 'की' ने जोडले गेले तर बहुधा नाउन क्लॉज. 'जो-तो', 'जी-ती' आले तर ॲडजेक्टिव्ह क्लॉज. जेव्हा, जर, जरी, कारण असे काही आले तर ॲडव्हर्ब क्लॉज. परंतु जोडणारा इंग्रजी शब्द पाहून निर्णय देऊ नये. 'व्हेअर' हा एकच शब्द तिन्ही ठिकाणी येतो. बाबासाहेब कोठे राहत ते मला माहीत आहे, येथे तो नाउन क्लॉज. बाबासाहेब जेथे राहत ते घर दादरच्या हिंदू कॉलनीत आहे, येथे तो घराविषयी सांगतो, म्हणून ॲडजेक्टिव्ह. तू जेथे उभा आहेस तेथेच थांब, येथे ॲडव्हर्ब. क्लॉज वाक्यात कोणाचे काम करतो ते पाहावे, त्याच्या तोंडावरील शब्द पाहू नये.

हे सर्व एकत्र तपासून पाहण्यासाठी आम्ही वर्षातून एकदा मुलांसमोर एक मोठे वाक्य ठेवतो. ते म्हणजे दिनांक २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या संविधानाची उद्देशिका. संपूर्ण उद्देशिका हे एकच वाक्य आहे, हे ऐकून पुष्कळ पालकांनाही आश्चर्य वाटते. आम्ही विचारतो, यातील सब्जेक्ट शोधा. तो पहिलाच शब्द, प्रथमपुरुषी बहुवचनी सर्वनाम. त्याला लागून 'भारताचे लोक' असे स्पष्टीकरण आलेले आहे, त्यास केस इन ॲपोझिशन म्हणतात. मग क्रियापद शोधा. मुलांचे बोट ओळीवरून खाली खाली जाते. वाटेत निर्धार करून अशा अर्थाचा पार्टिसिपल भेटतो, मग घडविण्यासाठी, मिळवून देण्यासाठी असे इन्फिनिटिव्ह भेटतात. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही ॲब्स्ट्रॅक्ट नाउन्स एकाखाली एक उभी आहेत. मुख्य क्रियापद तरीही सापडत नाही. ते अगदी तळाशी आहे, आणि एक नव्हे तर तीन आहेत: अंगीकारणे, अधिनियमित करणे आणि स्वतःला अर्पण करणे. आणि व्हॉइस? ॲक्टिव्ह. करणारा कोठेही गाळलेला नाही. जी मुले 'सब्जेक्ट म्हणजे काय' या प्रश्नाला बिचकत होती, ती या वाक्यावर अर्धा तास वाद घालतात.

सन २००० पासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यापूर्वी मराठी शाळेत ए बी सी डी पाचवीत भेटत असे. त्या पिढीतील पालक आम्हाला म्हणतात, आम्हाला येत नाही, मुलांचे काय घेणार? त्यांना आमची विनंती आहे की आपण इंग्रजी घेऊ नये, मराठी घ्यावी. मुलाला रोज रात्री एक वाक्य द्यावे, आपल्या बोलण्यातले, आजीच्या बोलण्यातले, बाजारातले. त्यात कोणता अलंकार आहे ते मुलाने सांगावे. नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे यावे.

ती दुकानात काम करणारी मुलगी पुढील प्रयत्नात इंग्रजीत उत्तीर्ण झाली. गुण फार नव्हते, पण प्रवेशापुरते झाले. जाताना तिने आपली वही वर्गाला देऊन टाकली. तिच्यात साठाहून अधिक घरगुती वाक्ये आहेत, प्रत्येकासमोर इंग्रजी नाव, आणि कोणाची, कशाशी, कोणत्या गुणात ही तीन उत्तरे. वही आता बरीच जीर्ण झाली आहे. तिच्या छायाप्रती काढण्याचा खर्च कोणी उचलणार असेल तर कार्यक्रमानंतर आम्हाला भेटावे. जुने व्याकरणाचे ग्रंथ, रेन अँड मार्टिन, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका कोणाच्या माळ्यावर पडलेल्या असतील तर त्याही हव्या आहेत. पाने फाटलेली असली तरी चालतील.

वर्ग नेहमीप्रमाणे संध्याकाळी सातला भरतो. या आठवड्यात व्हॉइस घेत आहोत, तेव्हा मुलांनी घरून येताना वर्तमानपत्राचे एक पान सोबत आणावे आणि करणारा गाळलेल्या बातम्यांखाली पेन्सिलीने रेघ मारून आणावी.